टीएलएस पाठ करू नका, पॅकेट उघडून बघा

नागपुरात आयटी पार्क किंवा मिहानकडे नेटवर्क-सपोर्टच्या नोकरीची तयारी चालली असेल, तर टीएलएसच्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधलं बोलणं एन्क्रिप्ट करणाऱ्या पद्धतीच्या, पायऱ्या घोकण्यात वेळ घालवू नका. वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं साधन) सुरू करा, ४४३ पोर्टचा, म्हणजे एचटीटीपीएसचा, फिल्टर लावा आणि एखादी साइट उघडा. टीसीपीवर काहीच दिसत नसेल तर ब्राउझर क्विक (QUIC) हा प्रोटोकॉल वापरतोय, म्हणजे तोच ४४३, पण यूडीपीवर.

पहिला निरोप ‘क्लायंट हॅलो’. आताच्या टीएलएसमध्ये त्यात ब्राउझर आपल्याला चालणारे सायफर (एन्क्रिप्शनच्या पद्धती) आणि डिफी-हेलमन या गुपित ठरवण्याच्या पद्धतीतल्या किल्लीचा सार्वजनिक भाग पाठवतो. सर्व्हर त्याचा भाग देतो आणि दोघंही आपापल्या जागी तेच गुपित काढतात. गुपित तारेवरून जातच नाही. २०१८ च्या टीएलएस १.३ मध्ये हे एका फेरीत उरकतं, १.२ मध्ये दोन लागायच्या. १.३ मध्ये सर्टिफिकेटही (साइटची ओळख पटवणारा दाखला) एन्क्रिप्ट होऊन येतं, म्हणून ते सापडलं नाही तर गोंधळू नका. साइटचं नाव मात्र हॅलोमध्ये बहुधा उघडंच असतं. बर्डीच्या कॅफेतल्या वायफायवर तुम्ही कोणत्या बँकेची साइट उघडली हे कळू शकतं, पासवर्ड नाही.

कामावर खरा त्रास देतं ते सर्टिफिकेट. नेहमीची तक्रार: साइट लॅपटॉपवर चालते, कर्लने (कमांड लाइनवरून साइट मागवणारं साधन) किंवा मोबाइल अ‍ॅपमधून अडते. साइटचं सर्टिफिकेट विश्वासाच्या मूळ सर्टिफिकेटशी (रूट) जोडणारं इंटरमीडिएट सर्टिफिकेट सर्व्हरवर लावायचं राहिलेलं असतं. डेस्कटॉपचे ब्राउझर ते आधीच साठवलेल्यातून किंवा स्वतः आणून वेळ निभावतात, बाकीचे नाही. ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट (s_client) कमांडने जोडून बघा. शेवटी पडताळणी कोड ० हवा. २१ आला तर बहुधा साखळी तुटली आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला फुलचेन फाइल द्या: आधी साइटचं सर्टिफिकेट, मग इंटरमीडिएट. रूट लागत नाही.

मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. सर्टबॉट हा प्रोग्रॅम नवं आणून ठेवतो, पण एनजिनएक्स रीलोड झालं नाही तर मेमरीतलं जुनंच दिलं जातं आणि डिस्कवरची तारीख बघून माणूस चक्रावतो. म्हणून तारीख फाइलमध्ये नाही, चालू कनेक्शनवर तपासा. १५ मार्च २०२९ पासून सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे. कॅलेंडरवर खुणा करून नूतनीकरण करणाऱ्यांचं तेव्हा कठीण आहे.

आणि एकाच मशीनवर सगळ्याच साइट्स ‘सर्टिफिकेट अवैध’ म्हणत असतील तर सर्व्हरला हात लावू नका. आधी घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते.