शिरोलीहून पुण्याला फायली पाठवताना

शिरोली औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीच्या संगणकावरून पुण्याच्या सर्व्हरवर ड्रॉइंग पाठवायची असतील, तर एक-दोन फायलींना एससीपी (दुसऱ्या संगणकावर फाइलची सुरक्षित नक्कल पाठवणारी आज्ञा) पुरते. परंतु फोल्डर मोठे असेल आणि वळिवाच्या पावसात लाइन मध्येच तुटण्याची भीती असेल, तर माझ्या मते १९९६ पासून उपलब्ध असलेले आरसिंक हे फक्त बदललेला भाग पाठवणारे साधनच वापरावे. त्यातील ‘ए’ या पर्यायाने तारखा व परवानग्या टिकतात, तर कॅपिटल ‘पी’ने अर्धवट पोहोचलेली फाइल पुढच्या प्रयत्नासाठी राखली जाते.

मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ (/) दिल्यास केवळ आतल्या फायली जातात, न दिल्यास फोल्डरही जाते; म्हणून आधी ‘एन’ आणि ‘व्ही’ हे पर्याय लावून, प्रत्यक्ष काही न पाठवता, काय जाणार याची यादी अवश्य पाहावी. दोन्ही संगणक दूरचे असल्यास आरसिंक थेट चालत नाही. एकावर एसएसएचने (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीने) प्रवेश करून तेथूनच आज्ञा द्यावी.