‘गोळी द्या, पण मला बोलायचंय’: नाशिकमध्ये मनाचा उपचार फुकट कसा मिळवायचा

मी एसटीत कंडक्टर आहे. नाशिक, दिंडोरी, वणी, कळवण, सोळा वर्षं हाच रस्ता. २०२३ च्या मार्चमध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं आणि गाडीत पाय ठेवायला जागा उरेना. त्याच सुमाराला मला पैसे मोजायची खोड लागली. डेपोत रोकड भरायच्या आधी एकदा मोजायची, मग पुन्हा, मग बाथरूममध्ये जाऊन पुन्हा. घरी आल्यावर वाटायचं, वेबिलात, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाच्या कागदात, काहीतरी चुकलंय, उद्या माझ्यावर केस होणार. रात्री दोनला टक्क जागी. दिंडोरी सुटली की छातीत धडधड, हाताला मुंग्या, आणि भरल्या गाडीत वाटायचं की आता आपण इथंच कोसळतोय.

ईसीजी काढला, नॉर्मल. एका खासगी ठिकाणी गेले, तर चार मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचा पेशंट खुर्चीत. दुसरीकडे समुपदेशनाची फी विचारली. एका बैठकीला माझा दीड दिवसाचा पगार. एसटीच्या संपाच्या काळातलं उसनं अजून फिटत होतं, मी जिन्यावरूनच माघारी वळले.

शेवटी सिव्हिलला गेले आणि एक रुपया न देता सात महिने एका मॅडमशी बोलत राहिले. तिकडं कसं जायचं हे आता आठवड्याला एकजण तरी मला कानाशी येऊन विचारतं. म्हणून एकदाच लिहून काढते.

आधी फोनचं सांगते, कारण रात्री दोन वाजता सिव्हिलची ओपीडी उघडी नसते. १४४१६ हा नंबर पाठ करा. ही सरकारची टेलि-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. लागला नाही तर १८००-८९१-४४१६. आधी रेकॉर्ड केलेला आवाज भाषा विचारतो, मराठीचं बटण दाबलं की माणूस येतो. माझ्यासारखी चूक करू नका, मी पहिला फोन स्टँडवरून लावला. मागं माइकवर ‘नंदुरबारकडे जाणारी गाडी’ चाललेलं, मी ओरडून सांगतेय की मला भीती वाटते, आणि दोन पोरं वळून बघतायत. गच्चीवर जा, नाहीतर रिकाम्या खोलीत, कानात हेडफोन घाला. नाव सांगावंसं वाटत नसेल तर तसं म्हणा. पहिलं वाक्य सुचत नाही म्हणून लोक फोन ठेवून देतात. हे वाक्य घ्या: “मला दीड महिना झोप नाही, कामात लक्ष नाही, कुठून सुरू करू कळत नाही.” पुढचं ते विचारतात. गरज वाटली तर डॉक्टरकडे जोडून देतात, पुन्हा फोन केला तरी चालतो.

टाटा समाजविज्ञान संस्थेची, म्हणजे मुंबईच्या टीसची, आयकॉल म्हणून दुसरी सेवा आहे: ९१५२९८७८२१. मानसशास्त्र शिकलेली माणसं फोनवर बोलतात, पैसे घेत नाहीत. ती चोवीस तास नसते, रविवार सोडून दिवसा फोन लावा.

जिवाचं काही बरंवाईट करावं असं वाटत असेल, तर फोनच्या रांगेतही थांबू नका. १०८ किंवा ११२ लावा, नाहीतर कोणाला तरी सोबत घेऊन सरळ सिव्हिलच्या अपघात विभागात जा. तो रात्रीही उघडा असतो.

आता सिव्हिल. म्हणजे जिल्हा रुग्णालय, त्र्यंबक रोडवर, गोल्फ क्लब मैदानाजवळ. सीबीएस किंवा ठक्कर बाजार स्टँडला उतरलात तर त्र्यंबक नाक्याकडून पायी दहा-पंधरा मिनिटं, रिक्षाला पैसे घालू नका. सकाळी साडेआठ-नऊपर्यंत पोचा. उशिरा गेलात तर केसपेपर निघेलही, पण बोलायला वेळ उरणार नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालंय. आधार कार्ड आणि जुने कागद बरोबर ठेवा. आधी कुठल्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पट्टीच न्या, ‘ती पिवळी गोळी’ असं सांगून कोणालाही काही कळत नाही.

खिडकीवर काय सांगायचं यावर माणसं सगळ्यात जास्त अडतात. मागं रांग, पुढं जाळी, आणि मोठ्यानं म्हणायचं काय? मी सोपं केलं, “मानसोपचार ओपीडी” एवढेच दोन शब्द. कारण विचारलं तर “झोप लागत नाही”. पुरतं. खोली कुठली ते तिथंच विचारा, कारण खोल्या बदलत राहतात.

आत कोण असतं हे माहीत असलेलं बरं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम म्हणून सरकारची योजना आहे, १९९६ पासून देशभर हळूहळू वाढत गेलेली. तिच्या टीममध्ये मनोविकारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, मनोसामाजिक कार्यकर्ता आणि नर्स अशी पदं असतात. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढं शिकलेला डॉक्टर, तो गोळ्या देतो. सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, बोलण्यातून उपचार करतो. बाहेर बोर्डावर ‘समुपदेशक’ कोणीही लिहितं, म्हणून शिक्षण काय ते विचारायला लाजू नका. आम्ही पास बघितल्याशिवाय कोणाला सोडतो का?

पहिल्यांदा बहुतेक डॉक्टरच बघतात. सरकारी ओपीडीत गर्दी असते, बाहेर शंभर माणसं बसलेली. तुम्ही गप्प राहिलात तर गोळी मिळेल आणि तुम्ही बाहेर. म्हणून हे तोंडानं मागायचं: “डॉक्टर, गोळी द्यायची तर द्या, पण मला कोणाशी तरी बसून बोलायचंय. इथले सायकॉलॉजिस्ट कधी भेटतात?” रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, इथं तर शंभर लेकरं. मी हे वाक्य तिकिटाच्या मागं लिहून नेलं होतं. वाचून दाखवलं. डॉक्टर हसले नाहीत, कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि मला शेजारच्या खोलीचा वार सांगितला.

तिकिटाच्या मागं आणखी चार गोष्टी लिहिल्या होत्या, तुम्हीही लिहा. कधीपासून होतंय, झोप किती तास, काय करायचं बंद झालंय (मी भिशीला जाणं सोडलं होतं), आणि घरात पूर्वी कोणाला असं झालंय का. दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, हे ते बहुतेक विचारतातच. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची एक तपासणी जगभर वापरतात, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन, बेरीज जास्तीत जास्त २७. भीतीसाठी तसेच सात प्रश्न. ही परीक्षा नाही, चांगले मार्क पाडायला जाऊ नका. मी पहिल्यांदा सगळं ‘क्वचित’ सांगत होते, आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला सांगितलं तर टाळू नका. थायरॉइड बिघडलं तरी धडधड होते, अंगात जीव राहत नाही. गोळ्या लिहून दिल्या तर औषधाच्या खिडकीवरच घ्या. उदासीच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून फेकू नका, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं एकदम बंदही करू नका.

बोलण्याचा उपचार म्हणजे काय होतं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर वर्ष वाचलं असतं. मला वाटलं होतं मॅडम सांगतील, “टेन्शन घेऊ नका.” ते तर माझी सासूही सांगते. त्यांनी पहिल्या दिवशी फक्त विचारलं की चौथ्यांदा मोजताना डोक्यात नेमकं कोणतं वाक्य येतं. मी खूप वेळ गप्प. मग म्हटलं, “मी चोर ठरेन.” पैसे कमी पडले तर पदरचे भरायचे, शे-दोनशेचा प्रश्न, आणि माझं मन थेट चोरीवर जाऊन बसलं होतं. हे मलाच पहिल्यांदा ऐकू आलं.

मग वहीत तीन रकाने आखायला सांगितले. काय घडलं, डोक्यात काय आलं, अंगात काय झालं. शेवटी भीती दहापैकी किती. दुसऱ्या भेटीनंतर गृहपाठ: रोकड एकदाच मोजायची, आकडा लिहायचा, पिशवीची चेन लावायची आणि दहा मिनिटं पिशवीला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी भीती दहापैकी नऊ. मी डेपोच्या नळावर उभी राहून ग्लासभर पाणी दहा मिनिटं पीत होते. तिसऱ्या आठवड्यात पाच. कधीतरी लक्षात आलं की दहा मिनिटं होऊन गेलीत आणि मी चहावाल्याशी भांडतेय.

उदास असणाऱ्यांना वेगळा गृहपाठ देतात. मन लागेल तेव्हा काम करू असं न ठेवता, ठरल्या वेळी एखादं छोटं काम करायचं, अंघोळ किंवा कोपऱ्यापर्यंत चक्कर, आणि मन मागून येऊ द्यायचं. आमच्या मेकॅनिकला असंच सुचवलं होतं, तो आधी खूप चिडला होता.

खासगीत बैठक पाऊण तासाची असते. सरकारीत तेवढा वेळ मिळेलच असं धरून चालू नका, पंधरा-वीस मिनिटं मिळाली तरी त्यात काम करून घ्यायचं. म्हणून वही. गेल्या खेपेपासून काय केलं, कुठं अडलं आणि आज एकच काय विचारायचं, हे बाहेर बाकावर बसून लिहायचं. माणूस बदललं तरी वही दाखवता येते, सगळी कथा पहिल्यापासून सांगावी लागत नाही. निघताना पुढची तारीख कागदावर लिहून घ्या. माझी तारीख साप्ताहिक सुट्टीला जुळेना, तेव्हा मी ड्युटी लावणाऱ्या बाबूला फक्त “सिव्हिलला ट्रीटमेंट चालू आहे” सांगितलं. त्याला वाटलं शुगर. वाटू दिलं.

दोन-तीन भेटींत त्या व्यक्तीशी सूर जुळत नसेल तर दुसऱ्या कोणाकडे जाता येईल का, हे विचारा. त्यात अपमान कसला?

लोकांच्या मनात एक भीती असते: रेकॉर्डवर ‘वेडा’ शिक्का बसेल, पोलिसांत जाईल. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, २०१८ पासून लागू. त्यात सरकारी सेवा मिळणं हा तुमचा हक्क आहे आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं हे त्यांच्यावर बंधन आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावर मोठा ताण होता असंच तो कायदा धरून चालतो. तेव्हा मरणाचे विचार येतात का असं विचारलं तर खरं सांगा. मी पहिल्यांदा खोटं सांगितलं होतं, दुसऱ्यांदा खरं सांगितलं, आणि कोणी पोलीस आला नाही, फक्त पुढची तारीख लवकरची मिळाली.

कळवण, सुरगाणा, पेठकडच्यांनी दर खेपेला नाशिक गाठायची गरज नसते. जिल्ह्याच्या टीमनं ठरावीक वारी तालुक्याच्या दवाखान्यांत जायचं असतं. तुमच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, नाहीतर आशाताईंना वार विचारा. नाशिकला यावंच लागलं तर बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तर वर्षांवरच्यांना एसटी फुकट. ओळखपत्र जवळ ठेवा आणि कंडक्टरशी वाद घालू नका. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही मनोविकार विभाग असतो. तिथं फी किती ते आधी फोन करून विचारा, सगळीकडे फुकट नसतं.

सासूबाईंनी सप्तशृंगीच्या गडावर ओटी भरायला सांगितली. भरली. वणीला रोज गाडी जाते माझी, देवीशी माझं भांडण नाही. सोमवारी गड आणि गुरुवारी सिव्हिल, दोन्ही चाललं.

आणि ज्याला गरज आहे तो जायला तयारच नसेल, तर घरच्यांनीही १४४१६ लावता येतो, कसं बोलायचं ते ते सांगतात. माझ्या ड्रायव्हरचा पोरगा बारावीनंतर खोलीतून बाहेर येईना. दोन महिने मी त्या ड्रायव्हरदादांना नंबर देत होते, ते खिशात ठेवत होते. एक दिवस वणीच्या स्टँडवर त्यांनी गाडी लावली, पॅसेंजर सगळे बसलेले, खाली उतरून मोबाईल काढला आणि मला म्हणाले, “ताई, पाच मिनिटं डबल बेल देऊ नका.”