दोन ईएल८४ साठी पॉवर ट्रान्सफॉर्मर केवढा घ्यावा

म्हापशात माझ्याकडे गिटारवाले येतात आणि पहिलं विचारतात, "किती वॅटचा अँप होईल?" मी उलट विचारतो, व्हॉल्व्ह (अँपमधल्या काचेच्या नळ्या) कोणते? ट्रान्सफॉर्मर त्यावरून ठरतो.

दोन ईएल८४ (स्पीकर चालवणारे पॉवर व्हॉल्व्ह) आणि तीन १२एएक्स७ (प्रीअँपचे, म्हणजे गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणारे व्हॉल्व्ह) धरा. हीटरचा, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेचा, हिशोब सोपा: ६.३ व्होल्टवर ईएल८४ ला ०.७६ अँपिअर, १२एएक्स७ ला ०.३. बेरीज २.४२, वाइंडिंग ३ अँपिअरचं सांगा.

हाय टेन्शनमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च डीसी व्होल्टेजमध्ये, मात्र लोक फसतात. ३०० व्होल्टवर पूर्ण जोरात वाजताना ईएल८४ ची जोडी, स्क्रीन (व्हॉल्व्हमधली एक जाळी) धरून, साधारण ११४ मिलिअँपिअर ओढते. प्रीअँपचे ६ धरा, झाले १२० डीसी. पण ब्रिज रेक्टिफायरनंतर (एसीचा डीसी करणारे चार डायोड) थेट कपॅसिटर (वीज साठवणारा) असला की करंट सलग न जाता झटक्याझटक्याने जातो. म्हणून एसी वाइंडिंगला सुमारे १.७ पट, म्हणजे २०० मिलिअँपिअर लागतात. सेकंडरी (ट्रान्सफॉर्मरचं बाहेर देणारं वाइंडिंग) २३० व्होल्टचं घ्या, १.४१ ने गुणून ३२५ येतात, लोडखाली ३०० च्या आसपास उतरतात. २३० गुणिले ०.२ म्हणजे ४६ व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर), हीटरचे १९, एकूण ६५. मी ८० चा घेतो. अँप जड होतो, उचलताना शिव्या बसतील, बसू देत.

अमेरिकेहून कुणी फक्त ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर आणला तर नको म्हणा. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन लावला तरी आपल्या ५० हर्ट्झवर त्याचा लोखंडी कोअर सॅच्युरेट होऊन (चुंबकत्व झेपेनासं होऊन) तापतो. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वाजणार असेल तर वाइंडिंग व्हार्निशमध्ये बुडवून भाजून घ्या. खारी हवा तांब्याला सोडत नाही.

सगळं जोडून झाल्यावर हीटर मोजा, ५.७ ते ६.९ व्होल्टमध्ये हवेत. आणि कपॅसिटर डिस्चार्ज (साठलेली वीज रिकामी) केल्याशिवाय आत बोट घालायचं नाही.