काळ्या कापडावर पांढरं फूल भरताना

काळ्या ब्लाउजपीसवर मशीनने पांढरा मोगरा भरला आणि पाकळ्यांतून कापड डोकावायला लागलं, की हात आधी टाके दाट करण्याकडे जातो. तसं करू नका. फार दाट भरलं की कापडाला चुण्या पडतात, सुईही तुटते. आधी अंडरले, म्हणजे खालचे आधाराचे टाके पाहा. वरचे टाके उभे असतील तर खालचे आडवे किंवा तिरपे हवेत. दोन्ही एकाच दिशेने गेले तर वरचा दोरा खालच्या फटींत बुडतो. मगच ४० नंबरच्या दोऱ्यासाठीचं टाक्यांच्या दोन ओळींमधलं नेहमीचं ०.४० मिमी अंतर ०.३५ वर आणा. टॉवेल किंवा मखमल असेल तर वरून पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म ठेवाच, नाहीतर लव टाक्यांतून वर येते. एक पाकळी तशाच काळ्या चिंधीवर भरून उजेडात बघा.