बॅलेसाठी महानगर गाठताना

बॅले पाहण्यासाठी मोठ्या शहराचा प्रवास आखताना बरेच जण आधी विमानाचे तिकीट काढतात आणि मग त्या आठवड्यात कोणते प्रयोग आहेत हे शोधतात. माझ्या मते सुरुवात प्रयोगांच्या वेळापत्रकापासूनच करावी. मोठ्या बॅले कंपन्यांचा, म्हणजे नर्तकसंघांचा, हंगाम साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन जून-जुलैपर्यंत चालतो. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये रॉयल बॅले पाहण्याच्या इच्छेने ऑगस्टमध्ये गेलेल्या माणसाला ती कंपनी सुट्टीवर गेलेली आढळते. ऐन हंगामातही काळजी घ्यावी लागते, कारण तोच रंगमंच ऑपेरासाठीही वापरला जातो आणि मधले काही दिवस बॅलेविना जातात. पॅरिस ऑपेराची नाट्यगृहे दोन आहेत, 1875 मध्ये उघडलेले पालै गार्निए आणि 1989 मधले ऑपेरा बास्तीय. त्यामुळे तिकिटावरची वास्तू पाहूनच मुक्कामाची जागा निवडावी. न्यूयॉर्क सिटी बॅले नोव्हेंबरअखेरपासून नव्या वर्षाच्या आरंभापर्यंत 'नटक्रॅकर' या नाताळच्या बॅलेमध्येच गुंतलेली असते. या कंपनीचे संस्थापक-नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शीन यांच्या कथानकविरहित रचना पाहण्याची ओढ असेल, तर त्यानंतरचा हिवाळी किंवा वसंतातला हंगाम गाठावा.

तारखा ठरल्या की नर्तकांकडे वळावे. 'स्वान लेक' या बॅलेमध्ये शुभ्र हंसिनी ओडेट आणि तिचे रूप घेऊन फसवणारी ओडिल या दोन्ही भूमिका बहुधा एकच नर्तिका करते. पहिल्या भूमिकेत तिच्या हातांनी पंखांचा भास निर्माण करायचा असतो, तर दुसरीत पारंपरिक रचनेप्रमाणे एका पायावर सलग 32 गिरक्या घ्यायच्या असतात. दोन्हींवर सारखेच प्रभुत्व असणे दुर्मीळ असते, म्हणून नर्तिका बदलली की संगीत आणि पदन्यास तेच राहूनही संध्याकाळ बदलते. यासाठीच माझा आग्रह आहे की चार वेगवेगळे प्रयोग धावत पाहण्यापेक्षा एकच बॅले दोन वेगळ्या नर्तिकांसह, दोन वेगळ्या जागांवरून पाहावा. कोणत्या दिवशी कोण नाचणार आहे हे कंपनीच्या संकेतस्थळावर काही आठवडे आधी जाहीर होते. मात्र दुखापतीमुळे ऐनवेळी नावे बदलू शकतात, याची मनाची तयारी असू द्यावी.

आता जागेविषयी. सर्वांत महागडी खुर्ची ही सर्वांत चांगली खुर्ची असेलच असे नाही. 'जिझेल' या बॅलेच्या दुसऱ्या अंकात, लग्नाआधीच मरण पावलेल्या मुलींचे आत्मे, म्हणजे विली, एक पाय मागे आडवा ताणून दुसऱ्या पायावर पुढे सरकत दोन बाजूंनी येतात आणि त्यांच्या रांगा एकमेकींतून आरपार निघून जातात. पहिल्या मजल्यावरच्या मधल्या खुर्चीतून हे दृश्य मागावर कापड विणले जावे तसे उलगडते, तर अगदी पुढच्या रांगेतून फक्त जवळच्या नर्तिका दिसतात आणि मागच्या झाकल्या जातात. पुढे बसण्याचे सुख वेगळेच आहे. तिथे बुटांच्या टणक टोकांचा लाकडावर होणारा टकटक आवाज कानी येतो, उडीनंतरचा श्वास ऐकू येतो आणि डोळ्यांतला भाव वाचता येतो. म्हणून पहिली संध्याकाळ वरून आणि दुसरी जवळून, असा क्रम मला योग्य वाटतो. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या जुन्या प्रेक्षागृहांत कडेच्या बॉक्समधल्या मागच्या खुर्च्या स्वस्त असतात, पण तिथून रंगमंचाचा बराच भाग दिसत नाही. 'दृश्य मर्यादित' अशी सूचना तिकीट घेण्यापूर्वी वाचावीच.

तिकिटे नाट्यगृहाच्या किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावीत. पोहोचण्याच्या दिवशी संध्याकाळचा प्रयोग ठेवू नये, कारण पडदा उघडल्यानंतर आलेल्यांना बहुतेक ठिकाणी योग्य विराम येईपर्यंत आत सोडत नाहीत, आणि तो विराम कधीकधी थेट मध्यंतरच असतो. मोठे बॅले मध्यंतरांसह जवळपास तीन तास चालतात, तेव्हा हलके जेवण आधीच उरकावे.

हव्या त्या प्रयोगाची सर्व तिकिटे संपलेली दिसली, तरी आशा सोडू नये. प्रयोगाच्या दिवशी सकाळी आणि पुन्हा दुपारी संकेतस्थळ उघडून पाहावे. परत आलेली तिकिटे तिथे एकेकटी झळकतात आणि एकट्याने आलेल्या प्रेक्षकाला कधीकधी पहिल्या मजल्यावरची अगदी मधली खुर्ची मिळून जाते.