बाळंतपणानंतर मैत्रीण जपताना

सव्वा महिना सरला, बाळंतविडा घेऊन येणाऱ्यांची वर्दळ ओसरली की घरात माणसे असूनही एकटेपणा जाणवू लागतो. अशा वेळी जुन्या मैत्रिणीला ‘कधीतरी भेटू’ असे न म्हणता वार आणि वेळ ठरवून कळवावी. ऊन उतरल्यावर रंकाळ्याच्या काठी अर्धा तास पुरतो. बाळ रडले तर परतावे, त्यात संकोच कसला? घरी बोलावल्यास फराळाचा घाट घालू नये. आपण बाळाला पाजत असताना तिने वाळलेल्या दुपट्यांच्या घड्या घालाव्यात, हे हक्काने सांगावे. मूल नसलेल्या मैत्रिणीला तिच्या नोकरीविषयीही आवर्जून विचारावे. आपली उदासी, रडू २ आठवड्यांहून अधिक टिकल्यास मात्र तिला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे.