स्कॉटिश लग्नाला येताय? तयारी रात्रीच्या नाचापासून सुरू करा

घरातल्या कुणाचं लग्न स्कॉटलंडमध्ये ठरलं की भारतातून येणारी मंडळी सगळी तयारी दुपारच्या विधीसाठी करतात. विधी अर्ध्या तासात आटोपतो. लग्नाला रंग चढतो तो रात्री आठच्या सुमारास, 'केली' नावाच्या सामूहिक नाचात. त्यात पणजीपासून पाच वर्षांच्या पोरापर्यंत सगळे उतरतात. म्हणून कपडे, चपला, पोटपूजा आणि परतीची गाडी हे सगळं त्या नाचाच्या हिशेबाने ठरवा.

आधी व्हिसा. पाहुण्यांना 'स्टँडर्ड व्हिजिटर' लागतो. 'मॅरेज व्हिजिटर' हा स्वतः बोहल्यावर चढणाऱ्यांसाठी असतो. नाव बघून तो निवडला तर अर्जच चुकतो. अर्ज प्रवासाच्या ३ महिने आधीपासून करता येतो, आणि निर्णयाला साधारण ३ आठवडे लागतात. सामानात खव्याचे पेढे, बर्फी, पनीर आणू नका. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

पत्रिका शब्द न् शब्द वाचा. फक्त 'ईव्हनिंग रिसेप्शन'चं बोलावणं असेल तर दुपारी जायचं नसतं, कारण पंगतीत तुमची खुर्ची मांडलेली नसते. आमंत्रण पत्रिकेवर नाव असलेल्यांनाच असतं. सहकुटुंब सहपरिवार इथे गृहीत धरत नाहीत. उत्तर दिलेल्या तारखेच्या आत कळवा आणि त्यातच खाण्याचं स्पष्ट लिहा. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहिलं तर अंडं येतं, म्हणून 'अंडं नको', 'बीफ नको' असं वेगळं लिहा. हॅगिस या पारंपरिक स्कॉटिश पदार्थात मेंढीचं हृदय, काळीज आणि फुप्फुस असतं. त्याचा शाकाहारी प्रकारही मिळतो, पण तो आधी सांगावा लागतो. क्रॅनाकन या गोडात क्रीम, रास्पबेरी, ओट आणि मधाबरोबर व्हिस्कीही असते. टॅब्लेट मात्र साखर, लोणी आणि आटवलेल्या दुधाची दाणेदार वडी आहे, ती खुशाल खा.

'वेडिंग ब्रेकफास्ट' हे नाव फसवं आहे. ते जेवण बहुधा दुपारी चारच्या पुढे असतं. दीडचा विधी, मग दोन तास फोटो, आणि तोवर हातात फक्त पेय आणि घासभर खाणं. मधुमेह असलेल्यांनी पर्समध्ये काहीतरी ठेवाच, आणि सगळ्यांनीच घरून जेवून निघावं.

पुरुषांना किल्ट, म्हणजे कमरेला गुंडाळायचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार स्कॉटिश पोशाख, घालायचा आग्रह झाला तर जरूर घाला. बाहेरच्याने घातला म्हणून कुणी नाक मुरडत नाही, उलट आनंदच होतो. किल्ट भाड्याने मिळतो, पण माप अचूक हवं. पँटचा नंबर कळवणं ही नेहमीची चूक. किल्ट बेंबीच्या रेषेवर बसतो, तेव्हा घेर तिथेच मोजा. लांबी बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत, ताठ उभं राहून आणि दुसऱ्याकडून मोजून घ्या. खाली वाकून स्वतः मोजलं की माप चुकतं. घालताना चुण्या मागे, सपाट भाग पुढे आणि झालरीची कड उजवीकडे. पिन फक्त वरच्या पदराला लावा. दोन्ही पदरांतून टोचली तर चालताना कापड ओढलं जाऊन फाटतं. किल्टबरोबरच्या बुटांना जीभ नसते. लांब नाड्या पुढे तीन-चार पीळ देऊन घोट्यामागून फिरवायच्या आणि पुढे बांधायच्या. पोटरीवर चढवल्या तर पहिल्याच नाचात खाली घसरतात. बसताना साडीच्या निऱ्या सावरतो तशा मागच्या चुण्या हाताने सपाट करून बसा. किल्टबरोबर मोज्यात खोचतात ती छोटी सुरी विमानात हातातल्या सामानात कधीही ठेवू नका.

स्कॉटलंडमध्ये लग्नाचा परवाना जागेला नसतो, विधी लावणाऱ्याला असतो. त्यामुळे लग्न तळ्याकाठी, किल्ल्याच्या हिरवळीवर, कुठेही लागू शकतं. उंच टाचा गवतात रुततात आणि जूनमध्येही शाल लागते. वधूवरांचे हात पट्टीने बांधतात तो विधी आपल्या शेल्याच्या गाठीशी नातं सांगणारा आहे. दोन कानांच्या 'क्वेख' या वाटीतून दोघं एकेक घोट घेतात, बहुधा व्हिस्कीचा. अक्षता टाकायच्या असतील तर आधी विचारा, कारण पुष्कळ ठिकाणी तांदूळ चालत नाहीत. १६ किंवा त्याहून जास्त वर्षांचे दोन साक्षीदार लग्नाच्या नोंदणीच्या कागदावर सही करतात. सही झालेला तो कागद ३ दिवसांच्या आत रजिस्ट्रारकडे पोचवावा लागतो. ते काम तुमच्यावर आलं तर विसरू नका, त्याशिवाय लग्नाची नोंद होत नाही. ईशान्य भागात लग्नाआधी मित्रमंडळी वराला, कधी वधूलाही, काजळी आणि काकवीने माखतात. हळद डोळ्यांसमोर असली की त्याचा धक्का बसत नाही.

आता केली. एकजण माइकवरून पावलं सांगतो आणि प्रत्येक नाच आधी सावकाश करून दाखवतो. तेव्हा बसून राहू नका. 'गे गॉर्डन्स'ने सुरुवात करा: चार पावलं पुढे, वळून त्याच दिशेने चार पावलं मागे, मग हेच उलट्या दिशेने, शेवटी गिरकी. 'डॅशिंग व्हाइट सार्जंट' तिघांचा गट समोरच्या तिघांबरोबर नाचतो, त्यामुळे जोडीदार नसला तरी अडत नाही. 'स्ट्रिप द विलो' सगळ्यांत वेगवान. त्यात कोपरात कोपर अडकवून गरगर फिरत रांगेतल्या प्रत्येकाकडे जायचं असतं. इथेच इजा होते. काचेच्या बांगड्या समोरच्याच्या हातावर फुटतात, म्हणून हिरवा चुडा असेल तर हा नाच सोडा, बाकीच्यांनी बांगड्या उतरवून ठेवा. पदर खांद्यावर दोन ठिकाणी आणि कमरेला एकदा पिनेने पक्का करा. सहावारीच्या निऱ्या पायाखाली येतात. नऊवारी मात्र या नाचासाठीच शिवल्यासारखी चालते. सपाट, मागे पट्टा असलेल्या चपला आणा.

आहेर पाकिटात, कार्डासह, हॉलमध्ये ठेवलेल्या पेटीत टाकतात. विधीच्या वेळी हातात देत नाहीत. स्कॉटिश बँकांच्या नोटा उरल्या तर निघण्याआधी बँक ऑफ इंग्लंडच्या करून घ्या. भारतात त्या बदलून मिळणं कठीण जातं.

शेवटी सगळे गोल उभे राहून स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सचं 'ऑल्ड लँग साइन' हे गाणं म्हणतात. सुरुवातीला हात शेजाऱ्याच्या हातात सरळ धरायचे, छातीवर आडवे करून धरायचे ते फक्त शेवटच्या कडव्याला. त्यानंतर लगेच कोट उचला. यजमानांनी ठरवलेली बस बहुधा मध्यरात्री ठरल्या मिनिटाला सुटते, आणि किल्ल्यापाशी रस्त्यावर टॅक्सी मिळत नाही.